एसएसडी बसवल्यापासून गेम आणि व्ह्यूपोर्ट मंदावले, पण रेंडरचा वेळ तसाच. ग्राफिक्स कार्डाला झालंय तरी काय?

चौकटवाली

नमस्कार मंडळी. मी घरांच्या अंतर्भागाची थ्रीडी दृश्यं बनवते. ब्लेंडर हे थ्रीडी सॉफ्टवेअर दिवसभर उघडं असतं आणि संध्याकाळी त्याच पीसीवर मुलगा गेम खेळतो. त्यामुळे कार्ड मंदावलं की घरात दोघांना एकदमच कळतं.

मशीन असं आहे: रायझेन ५ ३६००, बी४५० चिपसेटचा मदरबोर्ड, १२ जीबीचं आरटीएक्स ३०६०, डीडीआर४ ३२०० रॅमच्या ८-८ जीबीच्या दोन पट्ट्या, ५५० वॅटचा एसएमपीएस, १०८०पी १४४ हर्ट्झचा मॉनिटर, विंडोज १०.

जुनी हार्ड डिस्क आवाज करायला लागली म्हणून एनव्हीएमई एसएसडी बसवून घेतली. बसवणाऱ्याने त्याच वेळी कॅबिनेट आतून साफ केलं आणि विंडोज नव्याने टाकून दिलं. पीसी आता झटकन सुरू होतो, फायली पटापट उघडतात. पण ज्या गेममध्ये ११० च्या आसपास एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) मिळायचे तिथे आता ६५ ते ७० मिळतात, आणि तेही सलग नाहीत. कॅमेरा जोरात फिरवला की चित्र अडखळतं. ब्लेंडरच्या व्ह्यूपोर्टमध्ये, म्हणजे काम करायच्या खिडकीत, मोठा सीन मटेरियल प्रिव्ह्यूमध्ये फिरवताना तसेच झटके बसतात. छोट्या सीनमध्ये काही जाणवत नाही.

मला उलगडत नाही ते पुढचं आहे. सायकल्स या ब्लेंडरच्या रेंडर इंजिनमधलं अंतिम रेंडर जवळजवळ पूर्वीइतक्याच वेळात होतंय. प्रत्येक फ्रेमला किती वेळ लागला ते मी लिहून ठेवते, कारण क्लायंटला तारीख त्यावरूनच द्यायची असते. जुना प्रोजेक्ट उघडून तोच सीन, तेवढेच सॅम्पल ठेवून पुन्हा लावून पाहिला. फरक नगण्य. कार्ड बिघडलं असतं तर रेंडरही लांबायला हवं होतं ना?

आतापर्यंत पाहिलेल्या गोष्टी: गेम चालू असताना कार्डाचं तापमान ६६ अंशांच्या वर जात नाही. दोन्ही पंखे फिरतात. ८ पिनची पॉवर केबल घट्ट बसलेली आहे. ड्रायव्हर ताजा आहे. टास्क मॅनेजरमध्ये गेमच्या वेळी कार्डाचा वापर ५० ते ६० टक्के दिसतो. रेंडर चालू असताना तर ३-४ टक्केच दिसतो, त्यामुळे माझा गोंधळ आणखी वाढला आहे.

कार्ड वॉरंटीत आहे, पण ते पाठवलं तर हातातलं काम ठप्प होईल. पाठवण्याआधी आणखी काय तपासू?

निळा_पडदा

ड्रायव्हर नुसता वरून अपडेट करून चालत नाही. सेफ मोडमध्ये जाऊन डीडीयूने (ड्रायव्हर मुळासकट काढणारा प्रोग्राम) जुना पूर्ण पुसा आणि मग नवा टाका. माझ्याकडे एकदा असेच झटके होते, ते तेवढ्याने गेले. नाहीच जमलं तर विंडोज पुन्हा टाका.

सोल्डरगंध

ताई, विंडोज आत्ताच नवं टाकलंय, म्हणजे पुसायला जुना ड्रायव्हर जवळपास नाहीच. डीडीयू चांगलं साधन आहे, पण ते आत्ता वापरलंत तर वेळ जाईल आणि हाती नवी माहिती काही येणार नाही. कार्ड पाठवू तर अजिबात नका. तुम्ही दिलेल्या माहितीवरून कार्ड ठणठणीत वाटतंय.

वापर ५०-६० टक्के, तापमान ६६. याचा अर्थ कार्ड दमलेलं नाही, ते रिकामं बसलंय. त्याला काम मिळण्याआधी कुठेतरी थांबावं लागतंय. ‘कार्ड स्लो आहे’ अशी तक्रार येते तेव्हा मी पहिल्यांदा हाच आकडा विचारतो. वापर ९५ च्या पुढे असेल आणि तरी एफपीएस कमी असतील, तर कार्डाकडे, त्याच्या क्लॉककडे (चिप चालण्याच्या वेगाकडे), उष्णतेकडे बघायचं. वापर कमी असेल तर कार्ड सोडून बाकी सगळ्याकडे बघायचं: प्रोसेसर, रॅम, आणि या दोघांपासून कार्डापर्यंतचा रस्ता.

रेंडरच्या वेळी दिसणारे ३-४ टक्के मनावर घेऊ नका. टास्क मॅनेजर वरवर जो आकडा दाखवतो त्यात क्यूडाचं, म्हणजे कार्डाकडून करून घेतलेल्या रेंडरसारख्या गणिताचं, काम बहुतेक वेळा धरलेलं नसतं. जीपीयूच्या (ग्राफिक्स कार्डाच्या) पानावर आलेखाच्या डोक्यावर ‘थ्रीडी’, ‘कॉपी’ अशी नावं असतात. त्यावर क्लिक केलं की यादी उघडते. तिच्यात ‘क्यूडा’ असेल तर ते निवडा, रेंडरच्या वेळी आलेख छताला टेकलेला दिसेल. काही मशीनवर तो पर्याय दिसतच नाही, मग जीपीयू-झेड या कार्डाची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्राममधला लोडचा आकडा बघा.

आता माझी विनंती अशी की काहीही बदलण्याआधी खालचे आकडे आणून द्या. एक तरी गोष्ट बदलली की आधीचं चित्र पुसलं जातं, आणि मग नेमकं कशामुळे सुधारलं ते कधीच कळत नाही.

जीपीयू-झेड उघडा. पहिल्याच पानावर ‘बस इंटरफेस’ नावाची चौकट आहे. तिच्या शेजारी छोटं प्रश्नचिन्ह आहे, ते दाबा आणि ‘स्टार्ट रेंडर टेस्ट’ म्हणा. ती चाचणी चालू असतानाच चौकटीतला मजकूर वाचा. हे महत्त्वाचं आहे, कारण कार्ड निवांत असताना वीज वाचवायला जोडणीचा वेग खाली आणतं आणि तिथे १.१ असा आकडा दिसतो. कितीतरी लोक तो बघून घाबरतात.

मग ‘सेन्सर्स’ पानावर जा आणि गेम थोडा वेळ चालवा. क्लॉक, वॅट, ‘हॉट स्पॉट’चं तापमान आणि ‘परफकॅप रीझन’ या ओळी बघा. शेवटची ओळ कार्ड स्वतःला कशामुळे आवरतंय ते सांगते. ‘थर्म’ म्हणजे उष्णता, ‘पीडब्ल्यूआर’ म्हणजे विजेची मर्यादा, ‘व्हीरेल’ म्हणजे व्होल्टेजची. व्हीरेल दिसणं नेहमीचं आहे, त्याची काळजी नको. ‘आयडल’ म्हणजे कार्डाला पुरेसं कामच नाही.

टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर रॅमचा वेग किती लिहिलाय तेही कळवा.

एक शक्यता मी आधीच बाजूला ठेवतो. मॉनिटरची केबल कार्डाऐवजी मदरबोर्डला लागलेली असणं हा फार नेहमीचा घोळ, पण तुमच्या ३६०० मध्ये आतलं ग्राफिक्सच नाही. केबल तिकडे लागली असती तर पडदा काळाच राहिला असता.

रेंडर तेवढंच जलद आणि गेम मंद, हा तुम्ही टिपलेला फरक या सगळ्यात सर्वात मोलाचा आहे. मला एक शंका येतेय, पण आकडे बघितल्याशिवाय बोलत नाही.

पंखेवाला

सोल्डरगंध यांच्याशी सहमत. हा धागा पुढे वाचणाऱ्यांसाठी याच्या उलटी लक्षणं नोंदवून ठेवतो, कारण माझ्या जुन्या कार्डाचं दुखणं वेगळं होतं आणि ते ओळखायला मला वेळ लागला.

गेम सुरू झाला की पहिली काही मिनिटं सगळं उत्तम असायचं. मग एफपीएस हळूहळू उतरायचे आणि पंखे कर्कश व्हायचे. नेहमीचं तापमान ७६ दिसायचं, म्हणून मी उष्णतेचा विचारच सोडून दिला होता. पण हॉट स्पॉट १०८ वर होता. चिपवर तापमान मोजणारे बरेच सेन्सर असतात. त्यांतला सर्वात तापलेला कोणता, ते हॉट स्पॉटमध्ये कळतं. एएमडीच्या आरडीएनए कार्डांत तो ११० च्या आसपास पोहोचला की कार्ड क्लॉक खाली खेचतं.

या दोन तापमानांत १२ ते १५ अंशांचा फरक असणं साधारण आहे. माझा तीसच्या वर होता. सारखं तापून आणि थंड होऊन थर्मल पेस्ट चिपच्या मधल्या भागातून कडेला सरकली होती. हीटसिंक काढून जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, नवी लावली, आणि फरक पुन्हा पंधराच्या खाली आला. हे करणार असाल तर आधी आपल्या कार्डावरच्या थर्मल पॅडची जाडी शोधून ठेवा. पॅड फाटला आणि वेगळ्या जाडीचा लावला तर हीटसिंक चिपवर नीट टेकत नाही, आणि मग तापमान आधीपेक्षाही वाईट होतं.

तुमच्याकडे हे नसावं. वापर ५०-६० वर अडकणं उष्णतेच्या दुखण्यात बसत नाही.

चौकटवाली

सगळ्यांचे आभार. सांगितल्याप्रमाणे कशालाही हात न लावता आकडे घेतले.

बस इंटरफेस, रेंडर टेस्ट चालू असताना: एक्स१६ ४.० ॲट एक्स४ २.०. चाचणी बंद केली की शेवटचा आकडा १.१ होतो, तुम्ही म्हणालात तसाच.

गेममध्ये क्लॉक १८५० ते १९०० मेगाहर्ट्झ, वीज ९० ते १०० वॅट, हॉट स्पॉट ७८. परफकॅप रीझनमध्ये बहुतेक वेळ आयडल, अधूनमधून व्हीरेल.

रॅमचा वेग २१३३. पट्ट्यांवर तर ३२०० छापलंय.

टास्क मॅनेजरच्या यादीत क्यूडा सापडलं. रेंडरच्या वेळी तो आलेख खरोखरच १०० टक्क्यांवर होता. मोठी चिंता मिटली.

सोल्डरगंध

शंका खरी ठरली. तुमचं कार्ड खालच्या स्लॉटमध्ये बसलंय.

कार्ड बोर्डाला पीसीआय एक्सप्रेस या जोडणीने जोडलेलं असतं. तिच्यातल्या डेटाच्या समांतर वाटा म्हणजे लेन आणि तिची आवृत्ती म्हणजे पिढी. त्या ओळीचा पहिला अर्धा भाग म्हणजे कार्डाची कुवत: १६ लेन, चौथी पिढी. दुसरा अर्धा भाग म्हणजे प्रत्यक्षात मिळालेली जोडणी: ४ लेन, दुसरी पिढी. बी४५० आणि ३६०० या जोडीत वरचा स्लॉट थेट प्रोसेसरला जोडलेला असतो आणि तिसऱ्या पिढीच्या १६ लेन देतो. तुम्हाला रेंडर टेस्टमध्ये ‘एक्स१६ ३.०’ दिसायला हवं. खालचा लांब स्लॉट बऱ्याच बी४५० बोर्डांवर चिपसेटमधून (बोर्डावरच्या मदतनीस चिपमधून) येतो, आणि या चिपसेटकडे देण्यासारख्या लेन दुसऱ्या पिढीच्याच आहेत.

दुसऱ्या पिढीची एक लेन सेकंदाला ५०० एमबी नेते, म्हणजे चार लेनचे झाले २ जीबी. तिसऱ्या पिढीची एक लेन ९८५ एमबीच्या आसपास, सोळा मिळून पावणेसोळा जीबी. तुमचा रस्ता जवळपास आठपटीने अरुंद झालाय. त्यात खालच्या स्लॉटची वाहतूक आधी चिपसेटमध्ये जाते आणि तिथून प्रोसेसरकडे, तीही साटा आणि यूएसबीच्या वाहतुकीबरोबर.

आता तुमचं कोडं सुटतं. सायकल्स आधी पूर्ण सीन, म्हणजे भूमिती, टेक्स्चर, सगळं कार्डाच्या १२ जीबी मेमरीत भरून घेतं. कोठार एकदा भरलं की दार लोटून घेऊन आतल्या आत काम चालतं, रस्ता अरुंद आहे की रुंद याने फरक पडतो तो सुरुवातीच्या भरण्यापुरताच. तुमच्या फ्रेमला मिनिटं लागत असतील तर ते काही सेकंद त्यात दिसतही नाहीत. गेममध्ये तसं नसतं. प्रत्येक फ्रेमला प्रोसेसरकडून आज्ञा आणि बदललेला डेटा जात असतो, आणि कॅमेरा वळला की नवी टेक्स्चर मागवली जातात. वळताना चित्र अडखळतं ते त्यामुळेच. ब्लेंडरच्या व्ह्यूपोर्टमध्ये मोठ्या सीनला झटके आणि छोट्याला नाहीत, त्याचंही उत्तर हेच.

हे घडलं कसं असेल? अनेक बोर्डांवर एम.२ चा (एनव्हीएमई एसएसडी बसते तो) स्लॉट ग्राफिक्स कार्डाच्या बरोबर खाली झाकला जातो. एसएसडीचा स्क्रू लावायला कार्ड काढावंच लागतं. परत लावताना ते खालच्या स्लॉटमध्ये गेलं. दोन्ही स्लॉट बाहेरून सारख्याच लांबीचे दिसतात, कार्ड दोन्हीत व्यवस्थित बसतं आणि पडद्यावर चित्रही येतं, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही. टॉर्च मारून स्लॉटच्या आत बघितलं तर बहुतेक बोर्डांवर फरक कळतो. चार लेनच्या स्लॉटमध्ये सोनेरी पिना सुरुवातीच्या भागातच असतात, पुढची खाच रिकामी.

हलवताना पीसी बंद करा, एसएमपीएसच्या मागचं बटण बंद करा, केबल काढा, आणि मग पॉवर बटण एकदा दाबून उरलीसुरली वीज जाऊ द्या. कॅबिनेट आडवं झोपवा. ८ पिनची केबल आधी सोडवा, मागचे स्क्रू काढा, स्लॉटच्या टोकाची खिटी दाबा. ही खिटी कार्डाच्या आड लपते आणि लोक घाईत कार्ड तसंच ओढतात. तसं करू नका, लांब पट्टीने किंवा पेन्सिलच्या मागच्या टोकाने खिटी दाबली की कार्ड सहज सुटतं. वरच्या स्लॉटमध्ये दोन्ही टोकांवर सारखा दाब द्या, ‘टक्’ आवाज ऐकू यायला हवा. ड्रायव्हर पुन्हा टाकायची गरज सहसा पडत नाही.

रॅमचं प्रकरण वेगळं आहे. ३२०० हा वेग आपोआप लागत नाही, तो बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) चालू करावा लागतो. साफसफाईत बोर्डावरची बॅटरी निघाली किंवा बायोस अपडेट झालं की ती सेटिंग मूळ पदावर येते आणि पट्ट्या सुरक्षित वेगाने चालू होतात, तुमच्याकडे २१३३ ने. बायोसमध्ये एक्सएमपी शोधा. बोर्डाच्या कंपनीनुसार त्याचं नाव डीओसीपी किंवा ए-एक्सएमपी असंही असतं. दोन पट्ट्या मिळून २१३३ ला सेकंदाला ३४ जीबी वाहतात, ३२०० ला ५१. शिवाय रायझेनमध्ये प्रोसेसरच्या आतल्या तुकड्यांना जोडणारं इन्फिनिटी फॅब्रिक सहसा रॅमच्या क्लॉकशी बांधलेलं असतं, त्यामुळे रॅम मंद म्हणजे प्रोसेसरही काही प्रमाणात मंद. हा फटका इंटेलपेक्षा रायझेनवर जास्त जाणवतो.

दोन्ही गोष्टी एकदम करू नका. आधी कार्ड हलवा, गेम मोजा. मग रॅम, पुन्हा मोजा. कशाचा वाटा किती होता ते मलाही जाणून घ्यायचंय.

नवा_बिल्ड

मध्येच विचारतो, क्षमा असावी. हे वाचून मीही जीपीयू-झेड उघडलं. माझ्याकडे ४ जीबीचं आरएक्स ६५०० एक्सटी आणि आय५ १०४०० आहे. रेंडर टेस्टमध्ये ‘एक्स४ ४.० ॲट एक्स४ ३.०’ दिसतंय. बोर्डवर लांब स्लॉट एकच आहे आणि कार्ड त्यातच आहे. मग चार लेनच का? काही गेम बरे चालतात, काहींमध्ये मात्र मधूनच एक-दोन सेकंद चित्र गोठतं.

सोल्डरगंध

तुमच्याकडे चुकीचं काही जोडलेलं नाही. त्या कार्डाची रचनाच चार लेनची आहे, म्हणून पहिल्या अर्ध्या भागातही एक्स४ दिसतंय. हीच ओळ वाचायची पद्धत: दोन्ही बाजूंना लेन सारख्या असतील तर कार्ड योग्य जागी आहे. फरक पिढीचा आहे. १०४०० तिसऱ्या पिढीपर्यंतच जातो, त्यामुळे चार लेनना मिळायचे जवळपास ८ जीबी प्रति सेकंद निम्म्यावर येऊन ४ झाले.

चित्र गोठतं ते ४ जीबी मेमरी भरल्यावर. गेमला त्याहून जास्त लागली की उरलेला डेटा सिस्टमच्या रॅममध्ये ठेवला जातो आणि प्रत्येक वेळी त्या अरुंद रस्त्याने मागवावा लागतो. टास्क मॅनेजरमध्ये ‘शेअर्ड जीपीयू मेमरी’चा आलेख बघा. चित्र गोठतं त्याच क्षणी तो वर चढत असेल तर निदान पक्कं.

उपाय आहे आणि तो लगेच करता येतो. टेक्स्चर क्वालिटी एक-दोन पायऱ्या खाली आणा, एवढीच. सावल्या, गवत, प्रकाश या सगळ्याला आधी हात लावू नका, कारण मेमरी सर्वात जास्त खातात ती टेक्स्चर. वापर साडेतीन जीबीच्या आत राहिला तर हेच कार्ड तुमच्या बोर्डवरही चांगलं चालेल.

आणि तुमच्या १०४०० मध्ये आतलं ग्राफिक्स आहे, तेव्हा मॉनिटरची केबल कार्डालाच आहे ना, हे एकदा मागे वाकून बघाच.

नवा_बिल्ड

केबल कार्डालाच आहे. टेक्स्चर ‘हाय’वरून ‘मीडियम’ केलं आणि गोठणं थांबलं. शेअर्ड मेमरीचा आलेख आता सपाट आहे. खूप खूप धन्यवाद.

चौकटवाली

झालं! कार्ड खरंच खालच्या स्लॉटमध्ये होतं. टॉर्च मारून दोन्ही स्लॉटच्या आत बघितलं. वरच्यात टोकापर्यंत पिना, खालच्यात पुढचा भाग कोरा. एकदा दिसल्यावर विसरणं शक्य नाही. खिटी दाबायला पेन्सिलच कामी आली.

तुम्हाला वाटा जाणून घ्यायचा होता, तर तोच गेम, तीच जागा, तीच सेटिंग:

कार्ड वरच्या स्लॉटमध्ये आणि रॅम २१३३ वर असताना ९४ ते ९७ एफपीएस. वळताना अडखळणं इथेच पूर्ण थांबलं. ब्लेंडरचा व्ह्यूपोर्टही इथेच मोकळा झाला, झाडं आणि पडद्यांच्या कापडाने भरलेला माझा सर्वात जड सीन आता हाताबरोबर फिरतो.

मग एक्सएमपी चालू केलं. रॅम ३२००, एफपीएस १०८ ते ११२. म्हणजे पूर्वीइतकेच. कार्डाचा वापर आता ९० च्या पुढे असतो आणि वीज १६० वॅटच्या आसपास जाते. तापमान ७१ झालंय. ते वाढलेलं बघून पहिल्यांदाच बरं वाटलं!

रेंडरचा वेळ अपेक्षेप्रमाणे जागच्या जागी आहे. फक्त फ्रेम सुरू होण्याआधी सीन लोड व्हायला जो वेळ लागायचा तो कमी झालाय. ॲनिमेशनमध्ये प्रत्येक फ्रेमला तो वेळ जातो, त्यामुळे माझ्या लांब कामांना याचा खरा उपयोग होईल.

दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. मुलाच्या एका शहर वसवायच्या गेममध्ये कार्डाचा वापर अजूनही ६० च्या आतबाहेर आहे. तिथे आणखी काही अडलंय का? आणि एक्सएमपी चालू ठेवून रात्रभर रेंडर लावणं सुरक्षित आहे ना? सकाळी अर्धवट थांबलेलं काम मिळालं तर माझा पूर्ण दिवस जातो.

पंखेवाला

शहर वसवायच्या गेममध्ये ते स्वाभाविक आहे. हजारो माणसांचा आणि गाड्यांचा हिशेब प्रोसेसर करत असतो आणि त्यातला बराचसा भार एक-दोन कोअरवर पडतो. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूच्या आलेखावर राइट क्लिक करून ‘लॉजिकल प्रोसेसर्स’ निवडा. एकूण वापर ३५ टक्के दिसत असला तरी एखादा चौकोन काठोकाठ भरलेला असेल. खात्री करायची तर गेमचं रिझोल्यूशन मुद्दाम कमी करून बघा. एफपीएस वाढले नाहीत तर अडथळा प्रोसेसरचा. अशा गेममध्ये चित्राची गुणवत्ता वाढवली तरी एफपीएस फारसे पडत नाहीत, तेव्हा मुलाला खुशाल सगळं ‘हाय’वर ठेवू द्या.

सोल्डरगंध

आकडे इतके नीट लिहून दिलेत, फार बरं झालं. अडखळणं स्लॉटमुळे आणि शेवटचे पंधरा एफपीएस रॅममुळे, हे वेगवेगळं दिसलं.

रात्रभराच्या रेंडरबद्दल: पट्ट्या ३२०० साठीच विकल्या जातात आणि ३६०० चा मेमरी कंट्रोलर अधिकृतपणे ३२०० पर्यंत चालतो, त्यामुळे काळजीचं कारण नाही. तरी तुमचं पोट या मशीनवर आहे, म्हणून तपासून घ्याच. मेमटेस्ट८६ पेन ड्राइव्हवर टाका, पीसी त्यावरून सुरू करा. मोफत आवृत्ती चार फेऱ्या करते, १६ जीबीला बरेच तास लागतात, म्हणून झोपायच्या आधी लावा. एकही चूक दिसता कामा नये. एक जरी दिसली तर रॅमचा वेग ३००० वर आणून पुन्हा चाचणी करा. गेममध्ये तो फरक जेमतेम कळेल.

आणि ॲनिमेशनचं रेंडर थेट व्हिडिओ फाइलमध्ये करत असाल तर सोडा. पीएनजी किंवा ईएक्सआर फ्रेम काढा, आउटपुटमध्ये ‘ओव्हरराइट’ची खूण काढून टाका. मध्येच वीज गेली तरी पुन्हा सुरू केल्यावर ब्लेंडर झालेल्या फ्रेम सोडून पुढून उचलतं.

चौकटवाली

फ्रेम मी ईएक्सआरमध्येच काढते, पण ओव्हरराइटची खूण काढायची असते हे माहीत नव्हतं. लगेच काढली.

मेमटेस्टच्या चारही फेऱ्या झाल्या, चूक शून्य. आज रात्री जिन्याचा मोठा शॉट लावतेय.